बंदरातल्या किनाऱ्यांवर पाहुणा कोण?

सिडनीत डिसेंबर-जानेवारीतला एखादा रविवार कडक उन्हाचा गेला, की सोमवारी एक वाद हमखास पेटतो. बंदराच्या आत दडलेल्या एखाद्या चिमुकल्या किनाऱ्यावरच्या तुडुंब भरलेल्या कचरापेटीचे छायाचित्र फिरू लागते, पाठोपाठ अरुंद गल्लीत आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्यांचे येते, आणि दोन्ही बाजू आपापल्या ठरलेल्या जागी उभ्या राहतात. एक बाजू म्हणते, हे किनारे स्थानिकांचे आहेत, बाहेरच्यांची गर्दी आवरा, पार्किंग रहिवाशांपुरते राखून ठेवा. दुसरी म्हणते, हा शुद्ध वर्णद्वेष आहे आणि समुद्रावर बंधन घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपल्या मराठी मंडळींच्या गटांत याच वादाची तिसरी आणि काहीशी केविलवाणी आवृत्ती ऐकू येते: आपलेच लोक घाण करतात, म्हणून आपल्याला बोलणी खावी लागतात. मला या तिन्ही भूमिका चुकीच्या वाटतात. बंदरातल्या किनाऱ्यांवर मर्यादा हव्यात, याबद्दल मला शंका नाही. पण ती मर्यादा तिथल्या वाळूच्या, पाण्याच्या आणि जिवांच्या गरजेवरून ठरावी आणि ती सर्वांना सारखी लागू व्हावी. माणूस कोणत्या उपनगरातून आला, हे पाहून ठरवलेली मर्यादा कितीही सौम्य शब्दांत मांडली, तरी ती अन्यायाचीच असते.

हा प्रश्न मूठभर हौशी सहलखोरांचा नाही, हे समजण्यासाठी आधी हे किनारे काय आहेत ते पाहिले पाहिजे. सिडनीचे बंदर म्हणजे मुळात एका नदीचे खोरे. शेवटचे हिमयुग ओसरल्यावर समुद्राची पातळी चढत गेली, वालुकाश्मात कोरलेली दरी पाण्याखाली गेली आणि तिच्या फाट्याफाट्यांतून खाड्या तयार झाल्या. नॉर्थ हेड आणि साउथ हेड या दोन कड्यांमधून पॅसिफिक महासागराची लाट आत शिरते खरी, पण वळणे घेता घेता तिचा जोर मोडतो. त्यामुळे खुल्या महासागरावरच्या बाँडायला लाटा अंगावर कोसळत असतात, त्याच वेळी कॅम्प कोव्ह, पार्सली बे, क्लिफ्टन गार्डन्स किंवा क्लॉन्टार्फ येथे पाणी जेमतेम हलत असते. (बाल्मोरल बंदराच्या तोंडासमोर असल्याने तेथे कधीकधी उसळी पोहोचते, हे तेथे लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) बंदराची किनारपट्टी 240 किलोमीटरच्या वर भरते, पण तिच्यातला बहुतेक भाग खडकाचा, भिंतींचा, धक्क्यांचा आणि खासगी बागांच्या कुंपणांचा आहे. पसरण्याजोगी वाळू फार थोडी आणि तीही भरतीच्या वेळी आक्रसते. वस्तू थोडी आणि ती हवी असलेले लोक पुष्कळ, अशी स्थिती असली की वाटपाचा प्रश्न येतोच, आणि वाटप कोणत्या तत्त्वावर करायचे, हाच खरा वाद आहे.

या शांत पाण्याची गरज सर्वांत जास्त कोणाला आहे? ज्याला पोहता येते, ज्याचे बालपण लाटांवर गेले, त्याला महासागराचा कोणताही किनारा चालतो. नव्याने या देशात आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. ऑस्ट्रेलियातल्या खुल्या किनाऱ्यांवर शार्कपेक्षा कितीतरी अधिक माणसे उलट्या ओढीने मरतात. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी एखाद्या खोलगट वाटेने वेगाने परत जाते, त्या वाटेवर लाटा फुटत नाहीत, फेस दिसत नाही, आणि ती गडद, स्थिर दिसणारी पट्टीच नवख्याला सर्वांत सुरक्षित वाटते. तो नेमका तेथेच उतरतो. जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचे, हा नियम येथल्या मुलाला शाळेत कळतो. नाशिकहून किंवा नांदेडहून तिशीत आलेल्या माणसाला तो कोणी सांगितला तर कळतो. समुद्राजवळ न वाढलेला माणूस समुद्राला कसा फसतो, हे महाराष्ट्राला नवे नाही. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले. जानेवारी 2024 मध्ये व्हिक्टोरियातल्या फिलिप आयलंड येथे जीवरक्षक नसलेल्या एका किनाऱ्यावर भारतीय वंशाच्या चौघांचा असाच अंत झाला. बंदरातल्या किनाऱ्यांवर ही उलटी ओढ सहसा नसते. पाण्याशी पहिली ओळख करून घ्यायला याहून योग्य जागा या शहरात नाही.

बाल्मोरलला रविवारी सकाळी नऊच्या सुमारास गेलात, तर ही ओळख होताना दिसते. वडाच्या जातीच्या मोठ्या झाडांखाली चादरी अंथरलेल्या असतात, स्टीलच्या डब्यातून थालीपीठ आणि लसणाची चटणी बाहेर येते, आणि भारतातून तीन महिन्यांसाठी आलेली कोणाची तरी आई नऊवारी पोटरीपर्यंत वर खोचून, नातवाचे मनगट घट्ट धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी असते. लहान लाट आली की नातू किंचाळतो, ती मात्र पायाखालची वाळू सरकते तिकडे लक्ष ठेवून असते. शेजारच्याच चादरीवर लेबनॉनचे कुटुंब, पलीकडे व्हिएतनामचे, आणि त्याही पलीकडे तीन पिढ्या शेजारच्या मॉस्मन या सधन उपनगरात राहणारे एक वृद्ध जोडपे, जे रोज सकाळी शार्क रोखणाऱ्या जाळीच्या आत संथपणे पोहते. या दृश्यात कोणाची जागा कोणी हिरावून घेतली आहे, हे मला कधीही दिसलेले नाही. वादात मात्र या सगळ्यांची 'गर्दी' होते.

आता पश्चिमेकडे पाहा. वेस्टमीड, हॅरिस पार्क, वेंटवर्थव्हिल, टूंगॅबी, ब्लॅकटाउन या पट्ट्यात आपली बरीचशी वस्ती आहे. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा येथवर पोहोचेपर्यंत थकलेला असतो. 4 जानेवारी 2020 रोजी पेनरिथला 48.9 अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. त्या उन्हात कौलांपासून कौलांपर्यंत पसरलेल्या, झाडे नसलेल्या नव्या वसाहतींत राहणाऱ्या कुटुंबाने समुद्रावर जाण्याची इच्छा धरली, तर त्यात चैन कोठे आली? नवीन घर परवडते ते पश्चिमेला, ऊन जास्त ते पश्चिमेला, सावली कमी ती पश्चिमेला, आणि पाणी मात्र पूर्वेला. ही विषमता शहराच्या नकाशातच आहे. तिच्यावर पार्किंगचा अडसर घालणे म्हणजे ती आणखी पक्की करणे.

विरोधी बाजूचे म्हणणे मला हलके लेखायचे नाही, कारण त्यातले काही मुद्दे खरे आहेत. कॅम्प कोव्हकडे जाणारे रस्ते घोडागाड्यांच्या काळातल्या रुंदीचे आहेत. दुपारी तेथे रुग्णवाहिका अडकली तर ती वेळेत पोहोचणार नाही. पार्सली बेची हिरवळ दोनशे माणसांना पुरेल, दोन हजारांना पुरणार नाही. स्वच्छतागृहे कमी पडतात. कोळशाच्या शेगडीतले निखारे वाळूत पुरून निघून जाणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत, आणि त्यावर एखादे मूल अनवाणी धावत गेले तर काय होईल, या विचाराने संताप येतो. शिवाय या किनाऱ्यांची झाडलोट, दिवाबत्ती, कचरा उचलणे हा खर्च स्थानिक कौन्सिल करते आणि तो रहिवाशांच्या घरपट्टीतून निघतो. ज्याने पैसे भरले त्याला थोडे झुकते माप मिळावे, हे वरवर पाहता न्याय्य वाटते. म्हणूनच अनेक ठिकाणी रहिवाशाच्या गाडीला मोफत किंवा नाममात्र दराचे स्टिकर मिळते आणि बाहेरच्याला तासाच्या दराने पैसे मोजावे लागतात.

पण घरपट्टीचा हा युक्तिवाद थोडा खोलात जाऊन तपासला की टिकत नाही. किनाऱ्यावरच्या घराची किंमत कशामुळे वाढली? मालकाने विटा लावल्या म्हणून की समोर सार्वजनिक पाणी आहे म्हणून? नीलसन पार्क हा बंदरातला किनारा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. त्याचा खर्च राज्याचा प्रत्येक करदाता करतो. मिडल हेड, जॉर्जेस हाइट्स, चाउडर बे या लष्कराच्या जागा 2001 मध्ये कायदा करून हार्बर ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेकडे सोपवल्या गेल्या, तो निर्णय आणि तो पैसा साऱ्या देशाचा होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की हे बंदर म्हणजे पॅरामाटा नदीचेच बुडालेले मुख आहे. शहराच्या मध्यातल्या सर्क्युलर की या धक्क्याहून सुटणारी फेरी याच पाण्यावरून पॅरामाटाकडे जाते. पश्चिमेकडचा माणूस या पाण्याचा परका नाही. तो त्याच्या वरच्या अंगाला राहतो. आणि वरच्या अंगाला राहणाऱ्यांनी या पाण्यासाठी काय सोसले, हे विसरता येणार नाही. भोपाळमुळे आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या युनियन कार्बाइडचा एक कारखाना नदीकाठी ऱ्होड्स येथे होता. त्या परिसरातून होमबुश बेच्या गाळात डायऑक्सिन मुरले. 2006 मध्ये बंदरातली व्यावसायिक मासेमारी बंद करावी लागली, आणि हार्बर ब्रिजच्या पश्चिमेला पकडलेले मासे खाऊ नका असे सरकार सांगते. शहराच्या उद्योगांचे विष पश्चिमेच्या पाण्याने पोटात घेतले आणि स्वच्छ पाणी पूर्वेच्या वाट्याला आले. या हिशेबात घरपट्टीची पावती दाखवणाऱ्याने दुसऱ्या बाजूची ही पानेही उघडावीत.

इतिहासाची साक्ष तर याहून स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बंदराचा किनारा तुकड्यातुकड्यांनी खासगी मालकीत गेला होता, आणि सामान्य सिडनीकराला बंदर दिसायचे ते फेरीबोटीतून. 1905 मध्ये विल्यम नॉटिंग यांच्या पुढाकाराने किनाऱ्यांच्या राखणीसाठी एक समिती उभी राहिली. तिचे म्हणणे सरळ होते: बंदराचा काठ लोकांचा आहे, तो लोकांना परत द्या. चिकाटीने केलेल्या त्या मागणीतून पूर्वेकडच्या व्होक्लूझ उपनगरातली वेंटवर्थ घराण्याची जमीन सरकारने ताब्यात घेतली, आणि त्या वेळचे जमीन खात्याचे मंत्री नील्स नीलसन यांचे नाव तेथे झालेल्या उद्यानाला, म्हणजे नीलसन पार्कला, मिळाले. ती जमीन व्होक्लूझच्या रहिवाशांसाठी घेतली नव्हती. ते रहिवासी तेव्हाही सुखवस्तू होते. त्यांना उद्यानाची निकड नव्हती. ती घेतली गेली रेडफर्न, सरी हिल्स, बाल्मेन येथल्या कोंदट चाळींत राहणाऱ्या कामगारांसाठी, ज्यांना रविवारी मुलांना घेऊन मोकळ्या हवेत कोठे जावे हा प्रश्न पडत असे. त्या कामगारांची आजची वारस कोण? पश्चिमेच्या उपनगरांतली तीच कुटुंबे, ज्यांना आज 'बाहेरचे' म्हटले जाते.

याहून जवळचे उदाहरण हंटर्स हिल येथल्या केलीज बुशचे. 1971 मध्ये बंदराकाठचा तो रानाचा तुकडा बांधकामासाठी जाणार होता. परिसरातल्या तेरा स्त्रियांनी सगळे सरकारी दरवाजे ठोठावून पाहिले आणि शेवटी त्या बांधकाम मजुरांच्या संघटनेकडे गेल्या. जॅक मंडी यांच्या नेतृत्वाखालच्या त्या संघटनेने तेथे काम करायला नकार दिला, आणि तो पहिला 'ग्रीन बॅन', म्हणजे निसर्ग वाचवण्यासाठी मजुरांनी कामावर घातलेला बहिष्कार, म्हणून ओळखला जातो. हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. ज्या मजुरांना हंटर्स हिलमध्ये घर घेणे या जन्मी शक्य नव्हते, त्यांनी आपल्या रोजगारावर पाणी सोडून हंटर्स हिलचा किनारा वाचवला. तुम्ही कोठे राहता, असे त्या स्त्रियांनी त्यांना विचारले नाही. मजुरांनीही, हा तुमचा श्रीमंतांचा प्रश्न आहे, असे म्हटले नाही. बंदर सर्वांचे आहे, या एका समजुतीवर तो सारा लढा उभा होता. आज जो काठ स्थानिकांचा म्हणून राखायचा आहे, तो इतक्या परक्यांनी राखून दिलेला आहे.

नियम आणि सभ्यता यांच्या नावाखाली लोकांना पाण्यापासून दूर ठेवण्याची रीतही जुनीच आहे. 1830 च्या दशकापासून या वसाहतीत दिवसाउजेडी समुद्रस्नानावर बंदी होती. सकाळी सहा ते रात्री आठ या वेळात उघड्यावर पोहणे हा गुन्हा होता. सार्वजनिक नीतिमत्ता बिघडेल, असे तेव्हाच्या प्रतिष्ठितांना मनापासून वाटत होते. 1902 च्या ऑक्टोबरमध्ये विल्यम गोचर या वृत्तपत्राच्या संपादकाने आधी जाहीर करून मॅन्लीला भर दुपारी समुद्रात उडी घेतली, आणि पुढच्या वर्षी मॅन्लीच्या कौन्सिलने बंदी उठवली. नीतिमत्ता काही बुडाली नाही. जो देश आज समुद्रकिनाऱ्याला आपली ओळख मानतो, त्याच्या शहरात दुपारी पोहण्यासाठी माणसाला कायदा मोडावा लागला होता, हे लक्षात ठेवले तर आजच्या अनेक 'व्यवस्थेसाठी आवश्यक' नियमांकडे जरा सावधपणे पाहता येईल.

आणि 'स्थानिक' हा शब्द उच्चारताना तर जास्तच सावध राहायला हवे. या बंदराच्या काठावर गॅडिगल, कॅमेरेगल, बोरोगेगल या मूळ रहिवाशांची वस्ती हजारो वर्षांची. 1788 मध्ये वसाहत करायला आलेल्या ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख आर्थर फिलिप याची गलबते आत आली तेव्हा त्यांना कोणी रहिवासी परवाना विचारला नाही. पुढच्याच वर्षी देवीच्या साथीने बंदराच्या आसपासची मूळ लोकसंख्या अर्ध्याहून कमी राहिली. ज्या मातीत हे घडले तिथे तीन पिढ्यांचा रहिवास दाखवून दुसऱ्याला पाहुणा ठरवणे हे कोणालाच शोभत नाही. आम्हालाही नाही, आम्ही तर कालपरवा आलो. 11 डिसेंबर 2005 रोजी दक्षिण सिडनीतल्या क्रोनलाच्या किनाऱ्यावर सुमारे 5,000 लोकांचा जमाव जमला, आणि हा किनारा आमचा, असे ओरडत त्यातल्या काहींनी मध्यपूर्वेतले दिसणाऱ्या माणसांना मारहाण केली. पार्किंगचे स्टिकर मागणारे आजचे रहिवासी त्या जमावातले नाहीत, आणि तसे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. तरीही, किनाऱ्याला मालक असतो आणि तो मालक जवळ राहणारा असतो, हे गृहीतक दोन्हीकडे एकच आहे.

येथे दुसऱ्या बाजूलाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. प्रत्येक बंधनात वर्णद्वेष पाहणारे लोक या किनाऱ्यांचे भले करत नाहीत. मॅन्लीच्या आतल्या बाजूला छोट्या पेंग्विनांची एक वसाहत उरली आहे, न्यू साउथ वेल्सच्या मुख्य भूमीवरची जवळपास शेवटची. त्यांच्या विणीच्या काळात तेथील काही जागा संध्याकाळनंतर बंद ठेवल्या जातात, कुत्र्यांना मनाई असते, बोटी नांगरायला बंदी असते. क्लिफ्टन गार्डन्सच्या शार्क-जाळीला करंगळीएवढे समुद्रघोडे शेपटीने विळखा घालून राहतात. पोहण्याचा चष्मा लावून नीट पाहिले, तर जाळीवरच्या शेवाळाच्या रंगात मिसळून गेलेला एखादा हळूच डोळा फिरवताना दिसतो. ही जात धोक्यात आहे, आणि जाळी साफ करतानासुद्धा तिची काळजी घ्यावी लागते. अशा ठिकाणी 'समुद्र सर्वांचा' म्हणत जाळीवर लोंबकळणाऱ्याला थांबवलेच पाहिजे. पण या बंधनांची जात पाहा. पेंग्विनाच्या घरट्याजवळ मॉस्मनचा डॉक्टर आणि पश्चिमेच्या माउंट ड्रूइटचा टॅक्सीचालक दोघांनाही सारखीच मनाई आहे. एखाद्या खाडीत एका वेळी अमुकच माणसे मावतात असे ठरले, तर पहिला येईल त्याला प्रवेश द्या, आगाऊ नोंदणी ठेवा, सोडत काढा. तेथे गर्दीचे कारण खरे असेल, तर या उपायांनी ते दूर होईल. रहिवाशाला मोकळीक आणि इतरांना अटकाव, हाच एक उपाय ज्यांना सुचतो, त्यांचे खरे दुखणे गर्दी नसते.

2021 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात हे अगदी उघडे पडले. करोनाच्या साथीच्या काळात पश्चिम आणि नैऋत्य सिडनीतल्या बारा कौन्सिलांच्या हद्दीत रात्रीची संचारबंदी होती, दिवसा व्यायामाला एकच तास मिळत होता. त्याच सप्टेंबरात ऊन पडल्यावर पूर्वेचे किनारे माणसांनी फुलून गेले, कारण तिथल्या रहिवाशांना घरापासून पाच किलोमीटरच्या परवानगीच्या हद्दीत समुद्र होता आणि तासाचे बंधन नव्हते. निर्बंधांमागे साथीच्या आकड्यांचे कारण होते, हे मान्य करतो. पण त्या महिन्यांत वेस्टमीडच्या सदनिकेच्या गॅलरीत बसून दूरदर्शनवर बाँडायची गर्दी पाहणाऱ्या मुलांना आपल्या शहराबद्दल जे कळले, ते सहजी पुसले जाणार नाही.

आपल्या लोकांच्या आत्मताडनाबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे: कचरा करणाऱ्याला दंड करा, आपला असेल तर दुप्पट कान उपटा, पण कचऱ्याला जात किंवा भाषा चिकटवू नका. नववर्षाच्या आतषबाजीनंतर बंदराच्या काठावर पहाटे जे पडलेले असते, ते सर्व भाषांचे असते. खरकटा डबा परत घरी आणणे, निखारे पाण्याने विझवून पेटीत टाकणे, मोठ्याने गाणी न लावणे या गोष्टी पाळायच्या त्या शेजाऱ्याचा मान म्हणून. हक्क मिळवण्यासाठी आधी स्वच्छतेची परीक्षा उत्तीर्ण व्हायला हवी, हे मात्र मी कदापि मानणार नाही. सार्वजनिक जागेचा हक्क चारित्र्याच्या दाखल्यावर मिळत नसतो.

मराठी माणसाला तर हे वेगळे सांगायची गरज पडू नये. 1923 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सदस्य बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी 20 मार्च 1927 पर्यंत त्या तळ्यातल्या पाण्याला अस्पृश्यांचा हात लागू शकला नाही, आणि लागला तेव्हा डोकी फुटली. न्यायालयाचा अंतिम निकाल यायला 1937 उजाडले. महाडच्या लढ्यातल्या यातना आणि सिडनीतला पार्किंगचा वाद यांची तुलना मी करत नाही; तशी तुलना करणे हा त्या लढ्याचा अवमान ठरेल. महाडने दाखवलेला एक नियम मात्र सगळीकडे लागू पडतो: कागदावर खुले असलेले पाणी प्रत्यक्षात बंद ठेवता येते, आणि तसे ठेवणारे लोक ठरावाच्या विरोधात सहसा उघड बोलत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यात वाळू सर्वांची आहे. पण तेथवर जाणारी बस रविवारी तासातून एक असेल, गाडी लावायला दिवसाची मजुरी द्यावी लागत असेल, आणि तीन बदल करून म्हाताऱ्या आईवडिलांना न्यावे लागत असेल, तर ती कोणाची राहते?

सुरक्षिततेचा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. बंदरातल्या बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. पाणी शांत असले तरी काही ठिकाणी तळ अचानक खोल जातो, आणि गळ्याएवढ्या पाण्यातही माणूस बुडतो. उन्हाळ्यात बुल शार्क बंदरात फिरतात. जानेवारी 2024 मध्ये एलिझाबेथ बेमध्ये एका स्त्रीला शार्कने गंभीर जखमी केले. मोठा पाऊस झाला की रस्त्यांवरची घाण आणि कधीकधी सांडपाणीही बंदरात उतरते, म्हणून त्यानंतर तीन दिवस येथे पोहू नये असा सरकारी सल्ला आहे. खुल्या समुद्रासाठी तोच सल्ला एका दिवसाचा आहे. हे सर्व नवख्या कुटुंबांना माहीत नसते. मग त्यांना येथे बोलवायचे कशाला, असे विचारले जाते. या प्रश्नात एक चुकीची कल्पना दडली आहे: इथला दरवाजा लावला की माणसे घरी बसतील. ती घरी बसत नाहीत. चाळीस अंशांच्या उन्हात ती आणखी दूर जातात, नदीच्या एखाद्या डोहावर, महासागराच्या एखाद्या निर्मनुष्य किनाऱ्यावर, जेथे जाळी नाही, पार्किंगचे पैसे नाहीत आणि मदतीला कोणी नाही. जाळी लावलेल्या शांत खाडीत होणाऱ्या गर्दीपासून वाचण्यासाठी आपण त्यांना नेमके तेथे पाठवणार आहोत का? त्याऐवजी उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी तीन-चार मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक ठेवावेत, पावसानंतरच्या सूचना मराठी, अरबी, मंदारिन, नेपाळी अशा भाषांतून फलकांवर लावाव्यात, आणि पॅरामाटा व ब्लॅकटाउनहून थेट बस सोडावी. गाडीऐवजी बस आली, की गल्लीत अडकणाऱ्या रुग्णवाहिकेचा प्रश्नही बराचसा सुटतो. पार्किंगचा दर सर्वांना एकच असावा, रहिवाशालाही, आणि त्या पैशातून जादा कचरापेट्या आणि स्वच्छतागृहे व्हावीत. जो येथे रोज येतो तो रोजच्या वापराचा वाटा उचलेल, यात रहिवाशावर अन्याय कोणता?

शेवटचा आक्षेप सर्वांत समंजस वाटतो: पश्चिमेच्या लोकांसाठी पश्चिमेतच पोहण्याच्या जागा तयार करा. जरूर करा. 2015 मध्ये लेक पॅरामाटा पुन्हा पोहण्यासाठी खुले झाले तेव्हा लोकांनी त्याचे मनापासून स्वागत केले, आणि पॅरामाटा नदीही पुन्हा पोहण्याजोगी व्हावी म्हणून अनेक कौन्सिले वर्षानुवर्षे एकत्र काम करत आहेत. त्या कामाला दुप्पट पैसा मिळाला पाहिजे. पण हे बंदराच्या बदल्यात नको. पॅरामाटाचा सार्वजनिक जलतरण तलाव स्टेडियमसाठी 2017 मध्ये बंद झाला आणि नवा तलाव उघडायला 2023 उजाडले. त्या सहा वर्षांत त्या भागातल्या किती मुलांचे पोहायला शिकण्याचे वय उलटून गेले असेल? विषारी गाळ असलेली नदी स्वच्छ व्हायला त्याहून कितीतरी जास्त काळ लागेल. हॅरिस पार्कमधल्या आठ वर्षांच्या मुलीने येत्या जानेवारीत कोठे पाण्यात उतरायचे, याचे उत्तर नदीच्या योजनेत नाही. ते क्लिफ्टन गार्डन्सच्या जाळीच्या आत आहे, आणि पॅरामाटाहून तेथवर तिला थेट नेईल अशी रविवारची बस सुरू करणे सरकारच्या हातात आहे.